दीर्घिकांची मोजदाद आणि गुरुत्वीय भिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमानंतर चहा घेता घेता कुणीतरी हमखास विचारतं: "तुम्ही लोक कोट्यवधी दीर्घिका मोजता, पण त्या बरोबर मोजल्या कशावरून?" प्रश्न रास्त आहे. त्याच्या अनेक उत्तरांपैकी एक मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात चूक दुर्बिणीची नसते आणि माणसाचीही नसते. वाटेतल्या द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे आकाशच थोडं वेडंवाकडं दिसतं, आणि मोजदाद बिघडते. त्याबद्दल नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

दीर्घिकांची "दाटी" मोजतात म्हणजे नक्की काय करतात?

जोड्या मोजतात. एक दीर्घिका धरायची, तिच्यापासून ठरावीक अंतरावर आणखी किती आहेत ते बघायचं, मग पुढची धरायची. असं सगळ्यांचं झालं की त्याच आकाशात तेवढेच ठिपके कसेही भिरकावले असते तर अशा जोड्या किती सापडल्या असत्या, त्याच्याशी ताडून पाहायचं. जास्तीच्या जोड्या सापडल्या तर ती दाटी. या हिशोबाची आज सर्रास वापरली जाणारी रीत स्टीफन लँडी आणि अलेक्स सालाय यांनी १९९३ मध्ये मांडली.

हिशोब दिसतो साधा, पण त्यातून मिळतं फार. २००५ मध्ये स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे आणि टू-डिग्री-फील्ड या दोन पाहण्यांना दीर्घिकांच्या मांडणीत साधारण ५० कोटी प्रकाशवर्षांची एक खूण सापडली. विश्व बाल्यावस्थेत असताना तापलेल्या वायूतून गेलेल्या ध्वनिलहरींचा तो ठसा होता. तीच खूण आता विश्वाचं प्रसरण मोजायची पट्टी म्हणून वापरतात.

यात गुरुत्वीय भिंग कुठून आलं?

द्रव्याजवळून जाणारा प्रकाश वाकतो. सूर्याच्या कडेने येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) वाकायला हवा असं आइन्स्टाइनचं गणित सांगत होतं, आणि २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात एडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रिन्सिपे आणि सोब्राल या दोन ठिकाणांहून ते पडताळलं. दीर्घिकासुद्धा भिंगासारख्या वागतील हे फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३७ मध्येच सुचवलं होतं. प्रत्यक्ष उदाहरण सापडायला १९७९ उजाडलं. एकाच क्वेसारच्या (खूप दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राच्या) दोन प्रतिमा शेजारी-शेजारी दिसल्या.

पण दुहेरी प्रतिमा आणि प्रकाशाचे लांबलचक कंस ही झाली जोरकस भिंगं, आणि ती क्वचितच भेटतात. आपला विषय त्याहून सौम्य आहे. दूरच्या कुठल्याही दीर्घिकेचा प्रकाश अब्जावधी वर्षं चालत येतो आणि वाटेत कुठे कृष्णद्रव्याच्या (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या द्रव्याच्या) ढिगाजवळून, कुठे पोकळीतून जातो. त्यामुळे प्रत्येक दीर्घिका जराशी मोठी किंवा जराशी छोटी दिसते. या परिणामापासून एकही दीर्घिका सुटत नाही.

मग भिंगामुळे दीर्घिका जास्त दिसतात की कमी?

इथे सगळे अडखळतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

माझे आजोबा भिंग घेऊन पंचांग बघायचे. तुम्हीही करून बघा. बारीक टाइपातलं एखादं जुनं पंचांग हाताच्या अंतरावर धरा. जाड अक्षरं वाचता येतील, घटी-पळांचे आकडे मात्र नुसत्या करड्या रेघा वाटतील. आता वर भिंग धरा. एकदम दोन गोष्टी होतात. सगळं ताणलं गेल्यामुळे भिंगाच्या गोलात आधीपेक्षा कमी ओळी मावतात. आणि ज्या आकड्यांच्या रेघा दिसत होत्या, ते आता वाचता येतात. पहिल्या गोष्टीने मोजदाद घटते, दुसरीने वाढते. "भिंगातून एकूण किती अक्षरं वाचली?" याचं उत्तर भिंगापेक्षा पान कसं छापलंय यावर जास्त ठरतं. जाड अक्षरांचंच पान असेल तर भिंग धरून तोटा. बारीक टाइपाची खच्चून गर्दी असेल तर फायदा.

आकाशाचंही असंच. कुठलीही पाहणी एका ठरावीक तेजापर्यंतच दीर्घिका मोजते, त्याहून मंद असलेल्या यादीबाहेर. भिंगामुळे मागच्या आकाशाचा तुकडा ताणला जातो, दीर्घिका विरळ होतात. त्याच वेळी प्रत्येक दीर्घिका थोडी तेजस्वी दिसते, आणि उंबरठ्याच्या जरा पलीकडे असलेल्या काही आत येतात. या ओढाताणीला मॅग्निफिकेशन बायस म्हणतात.

आकड्यांत सांगता येईल का?

येईल, आणि सांगायलाच हवं, नाहीतर पंचांगाची गोष्ट नुसती गंमत म्हणून राहील.

भिंगाच्या जोराला कप्पा (हे ग्रीक अक्षर) म्हणतात. समजा एका दिशेला कप्पा ०.०२ आहे. मग क्षेत्रफळ सुमारे ४ टक्के ताणलं जातं, आणि १००० दीर्घिकांच्या जागी साधारण ९६० उरतात. प्रकाशही ४ टक्के वाढतो, म्हणजे जवळपास ०.०४ प्रतीचा फरक. (प्रत हे तेजाचं माप; एक प्रत खोल म्हणजे सुमारे अडीचपट मंद.) आता प्रश्न असा की उंबरठा ०.०४ प्रतीने खाली सरकला तर किती नव्या दीर्घिका आत येतील? ज्या प्रकारच्या दीर्घिकांची संख्या एक प्रत खोल गेल्यावर ६.३ पट होते, त्यांच्या बाबतीत ९६० चे १०४० होतील. ज्यांची संख्या प्रतीमागे फक्त १.६ पट वाढते, त्यांच्या बाबतीत जेमतेम ९८० होतील. आकाश तेच, भिंग तेच. एकाला गर्दी दिसली, दुसऱ्याला ओसाडी.

मधे एक बरोबरीची जागा आहे. प्रतीमागे संख्या अडीचपट होत असेल तर आलेल्या आणि गेलेल्या दीर्घिकांची तंतोतंत फिटंफाट होते. प्रतीची व्याख्याच मुळी तेजाच्या अडीचपटीवर उभी आहे, त्यामुळे हा आकडा योगायोगाने आलेला नाही. प्रतीमागे संख्या किती वाढते, हा चढ संशोधक लॉगॅरिदममध्ये लिहितात आणि त्याला एस म्हणतात. बरोबरीला एस ०.४ असतो. एकूण बदल काढायचा तर एसला ५ ने गुणायचं, २ वजा करायचे, आणि येईल त्याला कप्पाने गुणायचं. वरची दोन उदाहरणं एस ०.८ आणि ०.२ ची होती, करून बघा.

हे खरंच आकाशात आढळलंय, की कागदावरच आहे?

आढळलंय, पण वाट वाकडी होती, आणि त्या वाटेवर पुणंही लागतं.

दूरचे क्वेसार जवळच्या दीर्घिकांच्या आसपास जरा जास्तच सापडतात, अशा नोंदी अनेक वर्षं होत होत्या. खगोलशास्त्रज्ञ हॉल्टन आर्प यांनी त्यातून टोकाचा निष्कर्ष काढला: हे क्वेसार दूरचे नाहीतच, ते त्या जवळच्या दीर्घिकांशी प्रत्यक्ष जोडलेले आहेत, आणि त्यांची ताम्रसृती (प्रकाशाचं लाल रंगाकडे सरकणं, ज्यावरून एरवी अंतर काढतात) अंतरामुळे आलेली नाही. ही शक्यता गांभीर्याने घेणाऱ्या मोजक्या नामवंतांत जयंत नारळीकर होते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक असतानाच १९९३ मध्ये त्यांनी आर्प यांच्याबरोबर ताम्रसृतीच्या वेगळ्या उपपत्तीवर शोधनिबंध लिहिला. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना ते पटलं नाही. पण जास्तीच्या क्वेसारांचं करायचं काय, हा प्रश्न शिल्लक होताच. भिंगाने काही जास्ती अपेक्षित होती, मात्र अनेक मोजमापांत ती अपेक्षेच्या कितीतरी पट निघत होती. नमुने छोटे होते आणि निवडीत एकसारखेपणा नव्हता.

निकाल २००५ मध्ये लागला. रायन स्क्रँटन आणि सहकाऱ्यांनी स्लोन पाहणीतले सुमारे २ लाख क्वेसार आणि १ कोटी ३० लाख दीर्घिका घेतल्या. क्वेसारांचे तेजानुसार गट पाडले. दीर्घिकांच्या आसपास तेजस्वी क्वेसार जास्त निघाले, अधल्यामधल्या तेजाचे जवळपास जितक्यास तितके, आणि मंद क्वेसार चक्क कमी. भिंगाच्या गणितात नेमकं हेच बसतं, कारण तेजस्वी क्वेसारांचा चढ तीव्र असतो आणि मंदांचा सपाट. क्वेसार दीर्घिकांना खरोखर चिकटलेले असते, तर मंद क्वेसारांनी दीर्घिकांच्या शेजारी तूट दाखवायचं काही कारण नव्हतं. मला हा पुरावा फार देखणा वाटतो. "जास्ती" दाखवणारे आकडे कशानेही येऊ शकतात, पण चिन्ह ठरल्या जागी उलटं व्हावं हे सहज घडत नाही.

सगळ्यात ठळक उदाहरण कुठलं?

सबमिलिमीटर दीर्घिकांचं, म्हणजे मिलिमीटरहून जराशा कमी तरंगलांबीच्या प्रकाशात झळकणाऱ्यांचं. धुळीने झाकलेल्या, भराभर तारे घडवणाऱ्या या दूरच्या दीर्घिकांचा चढ भयंकर तीव्र असतो, म्हणजे पंचांगातलं सगळ्यात बारीक टाइपाचं पान. २०१० मध्ये हर्शेल अवकाश दुर्बिणीच्या पाहणीतले अतितेजस्वी ठिपके निवडून, त्यातून जवळच्या सर्पिल दीर्घिका वगैरे ओळखीची मंडळी वगळली, तेव्हा पाच उमेदवार उरले. पाचही भिंगामागचे निघाले.

दोन वेगवेगळ्या अंतरांवरच्या दीर्घिकांचा एकमेकींशी संबंध कसा काय लागतो?

प्रत्यक्षात लागत नाही. एक गट आपल्यापासून ३ अब्ज प्रकाशवर्षांवर आणि दुसरा ९ अब्जांवर असेल, तर एकाच्या गर्दीला दुसऱ्याच्या गर्दीची खबरबातही नसते. पण अलीकडच्या गटाबरोबर असलेलं कृष्णद्रव्य पलीकडच्या गटासाठी भिंग होतं. त्यामुळे नकाशावर दोघांची दाटी एकत्र हलताना दिसते, कधी जोडीने तर कधी उलट.

याच जागी खरी डोकेदुखी आहे. छायाचित्रांवर आधारलेल्या पाहण्यांत दीर्घिकेचं अंतर रंगांवरून अंदाजाने काढतात. त्या अंदाजात चूक होऊन जवळच्या काही दीर्घिका लांबच्या अंतराच्या पेटीत (गटात) पडल्या, तरी अगदी असाच खोटा संबंध दिसतो. भिंग कुठलं आणि गफलत कुठली हे वेगळं काढणं हे किचकट काम आहे. भिंगाचा भाग गणितात धरलाच नाही, तर सगळं खापर अंतरांच्या अंदाजावर फुटतं आणि तिथे नको त्या दुरुस्त्या होतात.

हे दुर्लक्षलं तर विश्वाबद्दलचे निष्कर्ष किती चुकतात?

पाहणी किती खोल आहे त्यावर ठरतं. जवळच्या दीर्घिकांपुढे फारसं द्रव्यच नसतं, त्यामुळे उथळ पाहण्यांत हा परिणाम इतर चुकांखाली दबून जातो. अंतर वाढेल तसा कप्पा वाढतो. पूर्वीच्या पाहण्यांनी याकडे काणाडोळा केला तो निष्काळजीपणाने नव्हे, तेव्हा ते खरोखर चालून जात होतं.

आता चालत नाही. सध्याची प्रचलित पद्धत तीन मोजमापं एकत्र करण्याची आहे: दीर्घिकांची दाटी, मागच्या दीर्घिकांच्या आकारांत आलेली विकृती, आणि पुढच्या दीर्घिकांभोवती मागच्यांचे आकार कसे वळतात ते. यातल्या तिसऱ्या मोजमापात आपण पुढच्या दीर्घिकांना भिंग समजतो, पण त्यांच्याही पुढे आणखी द्रव्य असतंच. ते द्रव्य पुढच्यांची मोजदाद बदलतं आणि मागच्यांचे आकारही वळवतं. दोन्हीचा करविता एकच, म्हणून जास्तीचा संबंध तयार होतो. चिलीतल्या सेरो तोलोलो इथल्या ४ मीटर दुर्बिणीवरून झालेल्या डार्क एनर्जी सर्व्हेच्या तीन वर्षांच्या विश्लेषणात हा भाग मूळ गणितातच घातला होता. हवाईतल्या ८.२ मीटर सुबारू दुर्बिणीवरच्या हायपर सुप्राइम-कॅम पाहणीचे २०२३ मधले निष्कर्षही तसेच. त्या मोजमापांच्या शोधनिबंधाचे पहिले लेखक आयुकाचे सुहृद मोरे होते.

थोडक्यात, विश्वातल्या द्रव्याचं प्रमाण आणि त्याचे गुठळे किती घट्ट आहेत हे आकडे यात गुंतलेले आहेत. आकाशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेल्या मोठ्या अंतरांवर आदिम विश्वाच्या खुणा शोधायच्या असतील, तर भिंगाचा भाग तिथेही घुसखोरी करतो.

एसची किंमत काढणं एवढं अवघड का? आलेख काढा, चढ मोजा, झालं!

असंच मलाही वाटायचं. नुसत्या तेजाच्या उंबरठ्यावर यादी बनली असती, तर तेवढ्यावर भागलं असतं. पण यादी तशी बनत नाही.

एक दीर्घिका यादीत यायला काय काय लागतं ते बघा. तिचं तेज पुरेसं हवं. रंग ठरलेल्या पट्ट्यात हवेत. अंदाजी अंतर ठरलेल्या पेटीत बसायला हवं. ती ताऱ्यासारखी टिंब दिसता कामा नये, जरा पसरट दिसायला हवी. शेजारच्या दीर्घिकेत मिसळून गेलेली चालत नाही. यातल्या बऱ्याच अटींना भिंग धक्का लावतं. भिंगाखाली दीर्घिका तेजस्वी होते तशी मोठीही होते, कारण भिंग पृष्ठतेज (दर क्षेत्रफळामागचं तेज) बदलत नाही, फक्त क्षेत्रफळ वाढवतं. मग ठरावीक मापाच्या गोलातून तेज मोजलं, तर वाढीव प्रकाशाचा काही भाग गोलाबाहेर सांडतो आणि ४ टक्क्यांची वाढ ४ टक्के दिसतच नाही. उलट, आधी तारा समजून वगळलेली एखादी छोटी दीर्घिका मोठी दिसल्यामुळे आत येऊ शकते.

यावरचा उपाय मजेशीर आहे. खऱ्या छायाचित्रांत खोट्या दीर्घिका टाकायच्या, आधी भिंगाविना, मग त्याच दीर्घिका जराशा मोठ्या आणि तेजस्वी करून. दोन्ही वेळा सगळी छाननी पुन्हा चालवायची आणि यादीत किती आल्या ते मोजायचं. डार्क एनर्जी सर्व्हेने यासाठी बालरॉग नावाची प्रणाली वापरली. पिठात आपणच मोजून खडे टाकायचे आणि चाळणीत किती अडकतात ते बघायचं, तसला प्रकार. चाळणी कशी आहे हे त्याशिवाय कळत नाही.

धुळीमुळे उलटा परिणाम होत नाही का?

होतो. दीर्घिकांच्या आजूबाजूला दूरवर विरळ धूळ पसरलेली असते आणि ती मागच्या वस्तूंना मंद करते. फरक ओळखायची खूण रंगात आहे: भिंग सगळ्या रंगांना सारखंच वागवतं, धूळ निळा प्रकाश जास्त खाते. ब्रिस मेनार आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये स्लोनच्याच क्वेसारांवर भिंगाची वाढ आणि धुळीची लाली एकाच वेळी मोजून दाखवली.

ताम्रसृती नेमकी मोजलेल्या त्रिमितीय नकाशांत ही भानगड असते का?

असते, पण तिचं रूप वेगळं. भिंग आणि भिंगामागची वस्तू या एकाच दृष्टिरेषेवर असतात. त्यामुळे जास्तीचा संबंध आकाशात आडव्या पसरलेल्या जोड्यांत फारसा दिसत नाही, आपल्या नजरेच्या रेषेत मागे-पुढे असलेल्या जोड्यांत दिसतो. लाम हुई, एनरिके गास्तान्यागा आणि मारिलेना लोव्हर्दे यांनी २००७ मध्ये याचं सविस्तर गणित मांडलं. ५० कोटी प्रकाशवर्षांच्या त्या मोजपट्टीला याने मोठा धोका नाही, कारण तिचा उठाव टोकदार आहे आणि भिंगाचा परिणाम संथ, पसरट. दाटीच्या पूर्ण आकारावरून निष्कर्ष काढणाऱ्यांना मात्र सावध राहावं लागतं.

ही नुसती कटकटच आहे, की याचा उपयोगही होतो?

होतो, आणि चांगला. दीर्घिकांच्या आकारांवरून भिंग मोजायचं तर प्रत्येक दीर्घिकेचा आकार स्वच्छ दिसायला हवा. संख्येवरून मोजायला त्याची गरज नाही, टिंबं दिसली तरी पुरे. शिवाय आकारांच्या पद्धतीत एक आंधळा कोपरा आहे: संपूर्ण पटावर द्रव्याचा एकसारखा थर पसरला असेल, तर आकार ते ओळखू शकत नाहीत. संख्या ओळखते. टॉम ब्रॉडहर्स्ट, अँडी टेलर आणि जॉन पीकॉक यांनी १९९५ मध्ये सुचवलं की दीर्घिकागुच्छांमागे मंद दीर्घिकांची तूट मोजून गुच्छाचं वस्तुमान काढावं. एबेल १६८९ या गुच्छावर ते पुढे करूनही दाखवलं गेलं.

हे करायला खूप दीर्घिका लागतात, कारण दीर्घिकांची स्वतःची गर्दी हाच इथे गोंगाट असतो. दीर्घिका मात्र आता मुबलक मिळणार आहेत. १ जुलै २०२३ ला झेपावलेली युक्लिड दुर्बीण सुमारे १४,००० चौरस अंश आकाश पाहणार आहे. चिलीतल्या सेरो पाचोनवरच्या व्हेरा रुबिन वेधशाळेने ८.४ मीटर आरसा आणि ३,२०० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने टिपलेली पहिली छायाचित्रं जून २०२५ मध्ये दाखवली.

एखाद्या दीर्घिकेचा फोटो बघून ती भिंगाने किती वाढलीय हे सांगता येईल का?

नाही. ती मुळात केवढी होती हे आपल्याला कुठे ठाऊक असतं? कंस किंवा दुहेरी प्रतिमा असेल तर गोष्ट वेगळी. बाकीच्यांच्या बाबतीत ४ टक्के वाढ झालेली दीर्घिका आणि मुळातच ४ टक्के मोठी असलेली दीर्घिका यांत डोळ्यांना काही फरक दिसणार नाही. लाखो एकत्र ठेवल्या की मगच तो दिसायला लागतो.